वाक्य पडू न देणारा माणूस

एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा वापरावा लागणारा शब्द म्हणजे ‘नाही’. गाडी नाही, जागा नाही, माहीत नाही. ठाण्यातल्या खोपटच्या डेपोत त्या खिडकीत बसणारे आमचे राजपार्ट हा शब्द वापरत नसत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं काम केलं, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. मुरबाडपलीकडच्या एखाद्या पाड्याचं नाव घेऊन कुणी यायचं, जिथे आजतागायत गाडी गेलेली नाही. दुसऱ्या कुणीही मान हलवून पुढच्याकडे बघितलं असतं. राजपार्ट हातातलं पेन खाली ठेवत आणि विचारत, कुणाकडे जायचंय? माणूस सांगे, मेहुणीकडे. मेहुणीचं घर कुठे? ओढ्याजवळ. ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? असं करत करत तो माणूस खिडकीपासून निघायचा तेव्हा त्याच्याकडे गाडीची वेळ असायची, फाट्याचं नाव असायचं आणि फाट्यावरून किती चालायचं याचा अंदाजही असायचा. गाडी जात नाही हे त्याला कळलेलं असायचं, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नसायचं.

खोटी आशा मात्र ते कधीच लावत नसत. गाडी रद्द झाली असेल तर पहिलं वाक्य तेच. पण त्यांच्या बोलण्यात रद्द झालेल्या गाडीनंतर पूर्णविराम येत नसे, ‘आता आपण काय करू’ येत असे. ‘आपण’ हा शब्द ऐकून चिडलेली माणसं गोंधळायची. भांडायला आलेल्या माणसाला समोर भिंत लागते. इथे खिडकीतला माणूस आधीच त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिलेला असे.

राजपार्ट हे त्यांचं आडनाव नव्हे. उंच, सावळे, ताठ पाठीचे, कानाच्या पाळीला जुन्या भोकाची खूण, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी सहा नंबरच्या फलाटापर्यंत पोचावा. कुडाळकडचं गाव. तरुणपणी तेरा वर्षं ते दशावतारी कंपनीत होते. दशावतारात राजाचं काम करणाऱ्याला राजपार्ट म्हणतात. त्यांचा रुबाब बघून डेपोतल्या कुणी कंडक्टरने ते नाव ठेवलं असणार. मी त्यांना नाना म्हणायची. एकदा मी विचारलं की नाना, तुम्ही कुठले कुठले राजे केलेत. ते हसले. राजाचं काम त्यांनी एकदाही केलं नव्हतं. ते स्त्रीपार्ट करायचे. तेरा वर्षं राणी.

“राजा स्वतः काही करत नसतो गो,” ते म्हणाले. “मुकुट पुठ्ठ्याचाच असतो. राणी त्याच्याकडे कशी बघते, त्यावर तो राजा होतो. मी नीट बघितलं तर समोरचा हडकुळा माणूसही चक्रवर्ती दिसायचा.”

दशावतार मी तोवर पाहिला नव्हता. डोंबिवलीत वाढलेली मी, नाटक म्हणजे पाठ केलेलं बोलायचं एवढंच मला माहीत. त्यांच्याकडून कळलं की तिथे लिहिलेलं काही नसतंच. तोंडाला रंग लावता लावता मालक कथा सांगतो. अमका राजा, तमका राक्षस, शेवट असा. बाकी सगळं बोलणं ज्याने त्याने उभं राहून आपल्या पदरचं बोलायचं. मी विचारलं, मग सुचलं नाही तर? ते म्हणाले, सुचावं लागतच नाही, ऐकावं लागतं. समोरचा म्हणाला पाऊस पडतोय, की आपण भिजायचं. कुठे आहे पाऊस, असं विचारलं की खेळ तिथेच मेला. आणि त्याच्या तोंडून काहीतरी भलतंच निघालं, तर ते जमिनीवर पडायच्या आत आपण झेलायचं. वाक्य पडू द्यायचं नाही. एवढाच नियम. बाकी सगळं आपोआप येतं.

मला तर बोलण्याचीच भीती. शाळेत एकदा भाषण पाठ करून उभी राहिले, तिसऱ्या ओळीला अडकले आणि व्यासपीठावरून थेट घरी पळाले होते. नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कारकुनी काम मिळेल म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात, माइकवर बोलणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून, गाड्या पुकारायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक घोषणा कागदावर लिहून काढायची आणि बोट ठेवून वाचायची. तरी एका दुपारी मी मुरबाडच्या ऐवजी मुरूड वाचलं. दोन नंबरला मुरबाडची गाडी उभी होती. मुरूडला जाणारी सगळी माणसं, पोरं-टोपल्यांसकट, धावत जाऊन तिच्यात चढली. आधीच चढलेल्या मुरबाडवाल्यांशी त्यांची भांडणं सुरू झाली. माझ्या हातात माइक तसाच होता. पाय निघून जायच्या तयारीत.

नानांनी खिडकीतल्या खुर्चीवरूनच हात लांब करून माइक घेतला. आवाज इतका स्वस्थ की जणू हे सगळं असंच ठरलेलं होतं. “आत्ता बाईंनी मुरूडचं नाव घेतलं, ते बरं झालं,” ते म्हणाले. “मुरूडकरांनो, तुमची गाडी वीस मिनिटांनी पाच नंबरला लागेल, तोवर चहा घेऊन या. दोन नंबरला आहे ती मुरबाडची. चुकून चढला असाल त्यांनी सावकाश उतरा, मुरबाडकर वाट देतील.” आणि मुरबाडकरांनी खरोखरच वाट दिली. एकाने तर म्हातारीची टोपली उतरवून दिली.

मी रडत होते. मला वाटलं ते पाठीवर हात ठेवून म्हणतील, होतं असं. ते म्हणाले, चूक आली की तिला बसायला पाट द्यावा. उभी ठेवली तर ती घरभर फिरते. मग त्यांनी माझा कागद उचलला, नीट घडी घातली आणि माझ्याच पर्समध्ये ठेवला. पुढची गाडी मी कागदाशिवाय पुकारली. आवाज थरथरला, पण गाडी योग्य गावाला गेली.

त्यांच्या ऐकण्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण मला त्यांची खरी करामत तिथे दिसली. एका सकाळी तिशीच्या आतबाहेरची एक बाई कडेवर मूल घेऊन खिडकीशी आली आणि तिने विचारलं, गाडी कधी आहे. कुठली, असं नानांनी विचारलं. ती म्हणाली, कुठलीही. माझ्या कानावर हा शब्द पडला होता, पण मी रजिस्टरमध्ये मान घातलेली होती. नानांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे पिशवी नव्हती, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी तिला दुसरं काहीही विचारलं नाही. कुठलीही गाडी म्हणजे लांबची की जवळची, एवढंच. ती म्हणाली, लांबची. लांबच्या गाड्यांना अजून वेळ आहे, ते म्हणाले, आणि मग त्यांनी जे केलं ते मला तेव्हा अगदी विचित्र वाटलं. त्यांनी तिला आत बोलावलं, वेळापत्रकाचा जाड पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, माझा चष्मा घरी राहिला, ताई, एवढ्या कोकणाकडच्या वेळा मला वाचून दाखवाल का, मी नव्या फळ्यावर उतरवतो.

चष्मा त्यांच्या खिशात होता.

ती दीड तास वाचत होती. मूल माझ्या टेबलाखाली झोपलं. आधी तिचा आवाज येतच नव्हता, मग हळूहळू यायला लागला. एका ठिकाणी फळ्यावर चुकीची वेळ लिहिली गेली तेव्हा तिने नानांना टोकलं. त्यांनी वाकून चूक पुसली आणि म्हणाले, बरं झालं तुम्ही होतात. त्यानंतर थोड्या वेळाने तिने वाचणं थांबवलं आणि आपणहून म्हणाली की तिची बहीण शहाडला राहते. कल्याणच्या गाडीचा कंडक्टर नानांच्या ओळखीचा होता. त्याच्याबरोबर तिला पाठवलं, आणि कल्याणला उतरल्यावर शहाडची रिक्षा करून द्यायची, असं त्याला दोनदा बजावलं. ती गेल्यावर मी नानांना म्हटलं की चष्म्याचं तुम्ही खोटं बोललात. “तिला तिथे काही काम नव्हतं ना,” ते म्हणाले. “बिनकामाचा माणूस रंगमंचावर फार वेळ उभा राहू शकत नाही. काहीतरी हातात द्यावं लागतं.” पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दिवसभर मधूनच ते म्हणत होते की दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं, खरं असलेलं. मला वाटतं, ती गोष्ट त्यांना लागून राहिली होती.

गणपतीच्या दोन दिवस आधीची ती दुपार ठाण्यातल्या आमच्या डेपोत असलेले कुणीच विसरणार नाहीत. कोकणात जाणारी माणसं सकाळपासून आवारात जमलेली. मखरं, थर्माकोलच्या कमानी, पिशव्या, झोपलेली पोरं. बारा वाजता निरोप आला की घाटात दरड कोसळली आहे, सकाळी गेलेल्या गाड्या पलीकडे अडकल्या आहेत, आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय पुढच्या सोडता येणार नाहीत. मी हे माइकवर सांगितलं. त्यानंतर जे उठलं त्याला आवाज म्हणणं कमी पडेल. माणसं खिडकीशी आली. काच हलायला लागली. एक जाडजूड, मिशीवाला माणूस सगळ्यांत पुढे होता. त्याने खिडकीवर हात आपटला आणि ओरडला की गणपती काय आता तुमच्या डोक्यावर बसवायचा का.

मला वाटलं नाना आता खिडकी लावून घेतील. त्यांनी खिडकीशेजारचं दार उघडलं आणि ते बाहेर गेले. त्या माणसाच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

“बसवा,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यावर गणपती बसला तर भाग्यच. पण डोकं एक आणि गावं चाळीस. तुमचं गाव कुठलं?”

त्या माणसाला बहुधा वेगळ्या उत्तराची अपेक्षा होती. त्याने चिडूनच गाव सांगितलं, राजापूरकडचं. नानांनी लगेच मालवणीत विचारलं की तिथल्या कुठल्या वाडीतले. त्याने वाडी सांगितली. तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, नाना म्हणाले, तुमच्या बाजूच्या गावांची माणसं एवढ्या गर्दीत मला सापडणार नाहीत, तुम्ही गोळा कराल का? तो मागे वळला आणि त्याच आवाजात, ज्या आवाजात त्याने आम्हाला शिव्या दिल्या असत्या, राजापूरच्या नावाने हाक मारली.

पुढच्या तासाभरात जे झालं ते मी खिडकीतून बघत होते आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. नाना फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. जो जास्त ओरडेल त्याला एक तालुका सोपवत होते. कुणी म्हणालं, पोरं उपाशी आहेत, की ते म्हणत, होय, आहेतच, आणि कोणाच्या पिशवीत काय आहे ते बाहेर काढूया. एका कोपऱ्यात लाडवांचे डबे उघडले गेले. खेड, चिपळूण, लांजा, कणकवली, अशी माणसं गावागावाने बसली. कुणीतरी मृदंग सोडवला. तीन वाजता माझ्या खिडकीसमोर आरती चालू होती आणि तो मिशीवाला माणूस टाळ्यांनी ताल धरत होता. दिवेलागणीच्या आधी रस्ता मोकळा झाल्याचा निरोप आला. माणसं आधीच गावाप्रमाणे बसलेली होती, त्यामुळे एकेक गाडी बघता बघता भरली. जाताना त्या मिशीवाल्याने खिडकीतून नानांच्या हातात दोन लाडू ठेवले आणि गाडीकडे गेला.

सगळे गेल्यावर नाना आवारातल्या बाकावर बसले. त्याने खिडकीवर हात आपटला तेव्हा मला पळून जावंसं वाटलं गो, ते म्हणाले. तोवर मला वाटायचं की या माणसाला भीतीच वाटत नाही.

त्यांच्याकडून शिकलेलं मी घरीही वापरायला लागले. मला बघायला एक मंडळी डोंबिवलीला आली होती. मुलाच्या आजोबांनी विचारलं, मुलीला गाता येतं का. आधीच्या दोन वेळी या प्रश्नावर मी खाली बघितलं होतं. या वेळी मी म्हटलं की पुकारता येतं, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत फलाट क्रमांक तीनवरची अलिबागची गाडी त्यांना पुकारून दाखवली. आई हादरली. आजोबांनी गंभीरपणे विचारलं की पेणला थांबेल का. मी म्हटलं, आजोबांसाठी थांबेल. मुलगा हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याच्याशी माझं लग्न ठरलं.

पत्रिका द्यायला मी डेपोतून नानांबरोबरच त्यांच्या घरी टिटवाळ्याला गेले. नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला, इथे ते आणि काकू दोघंच. काकूंना मी आधी दोनदा भेटले होते. भरपूर बोलणाऱ्या, हाताला धरून जेवायला बसवणाऱ्या. या वेळी त्यांनी मला दारात उभं ठेवलं आणि माझ्यामागून आलेल्या नानांकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण. मला वाटलं थट्टा आहे. नाना चपला काढत होते. ते थांबले आणि अदबीने म्हणाले की मी डेपोतला, साहेबांनी पाठवलंय. काकू म्हणाल्या की आमचे हे अजून आलेले नाहीत, पण येतील, तोवर बसा. आणि त्यांनी आम्हा दोघांना पाणी दिलं. नानांनी पाहुण्यासारखं टेकून न बसता ते प्यायलं आणि भांडं परत देताना आभार मानले.

परत येताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. दीड वर्ष झालं, ते म्हणाले. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच, वाढत जाणार. ते कामावर असताना शेजारच्या बाई काकूंकडे लक्ष ठेवत. डेपोत त्यांनी यातलं अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं की तुम्ही त्यांना सांगत का नाही, तुम्ही कोण ते. मला आठवतं, मी हे जरा रागानेच म्हटलं होतं.

“सांगून बघितलं गो,” ते म्हणाले. “घाबरते. खिडकीवर मी खोटं बोललो तर माणूस चुकीच्या गाडीत बसेल. पण ही बसलीये आधीच, आणि गाडी सुटलीये. आता मी खाली उभा राहून चुकलीस चुकलीस म्हणून ओरडू, की चढून तिच्या शेजारी बसू?”

त्यानंतर साधारण वर्षाने, एका सोमवारी, नाना खिडकीत बसले आणि पहिल्याच माणसाला त्यांनी उत्तर दिलं नाही. माणूस विचारत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. मी जाऊन त्या माणसाला सांगितलं आणि नानांना आत आणून बसवलं. ते म्हणाले की काल माझं वाक्य पडलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना एक मुलगाही होता. बाबल्या. आठ वर्षांचा असताना तापाने गेला. नाना तेव्हा कंपनीबरोबर गोव्याच्या बाजूला होते. निरोप तीन दिवसांनी पोचला. ते घरी आले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्या दिवसानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. पुढच्या वर्षी एसटीत लागले आणि ठाण्याला आले. आणि त्या दोघांनी, नवरा-बायकोनी, पंचवीस वर्षांत एकमेकांसमोर त्या मुलाचं नाव घेतलं नव्हतं. काकूंनी त्यांना कधी एका शब्दाने दोष दिला नव्हता. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

आणि रविवारी दुपारी काकूंनी दाराकडे बघत विचारलं होतं, बाबल्या शाळेतसून इलो काय? नानांना ‘हो’ म्हणता आलं नाही, ‘नाही’ तर शक्यच नव्हतं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. काकू संध्याकाळपर्यंत विचारत राहिल्या.

मी त्यांना काय सांगणार होते? मी एकोणतीस वर्षांची, पोटात पहिलं मूल. पण ते माझ्याकडे बघत होते, ज्या नजरेने ते खिडकीतल्या माणसाकडे बघत, आणि त्या नजरेसमोर माणसाला काहीतरी येतं असं वाटायला लागतं. मी म्हटलं, नाना, तुम्ही उत्तर देऊ नका. तुम्ही त्यांनाच विचारा, बाबल्या शाळेत कसा आहे. नाना उठले, तोंड धुऊन आले आणि खिडकीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी त्यांनी मला सांगितलं. त्यांनी विचारलं होतं. आणि काकू तासभर बोलल्या. बाबल्याला पाढे येत नव्हते, पण मास्तरांची नक्कल हुबेहूब यायची. तो आईचं जुनं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू फासून, अंगणात बापासारखी राणी करायचा आणि कोंबड्यांना दरबारात बसवायचा. नानांना हे कधीच माहीत नव्हतं. ते वर्षातले आठ महिने घरी नसायचे. मेलेल्या मुलाबद्दल नवीन काही कळेल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं.

त्यानंतर रोज थोडं थोडं येत गेलं. काकू त्यांना बाहेरचा माणूस समजत होत्या, म्हणूनच सांगत होत्या. एके दिवशी त्यांनी मुलाच्या तापाचंही सांगितलं. सगळं, तिन्ही दिवस. नाना ऐकत राहिले, पाहुण्यासारखे, मधे हुंकार देत. शेवटी काकू जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आमचे हे भेटले तर तेंका सांगा. माझ्या मनात तेंच्याबद्दल काय नाय. माका सांगूचा होता, पण सांगूक जमला नाय.”

नाना म्हणाले की मी त्यांना ओळखतो, आजच सांगतो.

हे मला सांगताना ते डेपोच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून उभे होते. बाहेर गाड्या लागत होत्या आणि मला पुकारायला जायचं होतं. मी गेले नाही. त्या दिवशी तीन गाड्या न पुकारताच सुटल्या.

नाना निवृत्त झाले ते त्र्याण्णवच्या सुमारास. निरोपाच्या कार्यक्रमात कंडक्टर-ड्रायव्हरांनी भाषणं केली, त्यांना शाल दिली, आणि ते दोन मिनिटं बोलून चारच्या आधी घरी गेले, कारण शेजारच्या बाईंना बाहेर जायचं होतं. तीन वर्षांनी काकू गेल्या. भेटायला गेले तेव्हा घरात बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यातली प्रत्येक जण म्हणत होती की सुटली बिचारी, तुम्हीही सुटलात. नाना सगळ्यांना हात जोडत होते. महिन्याभराने मुलीने त्यांना सावंतवाडीला नेलं. तिथे ते आणखी सहा वर्षं होते. त्यांच्या जाण्याचं मला जावयाच्या पत्रातून कळलं, तेही तेरावं झाल्यावर.

त्या दिवशी टिटवाळ्याला बायका उठून गेल्यावर मी मात्र थांबले होते. मी बोलायला काही तयार करून आणलं नव्हतं. नानाच बोलले. शेवटच्या महिन्यात काकूंना जवळजवळ कुणीच आठवत नव्हतं, मुलगीसुद्धा. पण हा रोज येणारा माणूस भला आहे एवढं त्यांना पटलेलं होतं. एका दुपारी नाना त्यांना भरवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं की तुमचं लग्न झालंय का. झालंय, ते म्हणाले. बायको कशी आहे?

“मग मी सांगत बसलो,” नाना म्हणाले. कुडाळच्या बाजारात पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या हातात भोपळा होता, इथपासून त्यांनी सुरुवात केली होती. ती कशी हसते, रागावली की भांडी कशी वाजवते, ते कंपनीबरोबर फिरत असताना तेरा वर्षं एकटीने घर कसं ओढलं, मुलं कशी वाढवली, त्यांतलं एक कसं गेलं आणि त्यानंतर ती त्यांच्याबरोबर परक्या गावात कशी आली. जे बायकोला उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांनी त्या बाईला सांगितलं. भात निवून गेला. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या.

नानांनी कपाळावरून हात फिरवला. “म्हणाली, तुमची बायल नशीबवान आसा. घराक जावा आता. ती वाट बघत असतली.”